गाण्याचा टेम्पो मध्येच बदलायचा आहे? आकड्याला हात लावण्याआधी हे वाचा

टेम्पो, म्हणजे गाण्याचा वेग, बदलणं म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या वरच्या आकड्यावर डबल क्लिक करून ९२ च्या जागी ९६ लिहिणं, असं मला वाटायचं. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा गाणं जवळजवळ तयार होतं. ड्रम आणि बेस मिडीवर (म्हणजे आवाज नाही, कुठला स्वर कधी वाजवायचा याच्या नोंदी), वर माइकवर रेकॉर्ड केलेला आवाज. ऐकताना जरा ढिलं वाटत होतं म्हणून ९६ केलं आणि प्ले दाबलं. पहिली ओळ कशीबशी निभावली. पुढे आवाज मागे रेंगाळायला लागला, आणि ३३व्या बारला (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) ड्रम अंतऱ्यावर पोचले तेव्हा गायिका अजून मुखड्यातच होती. मग कागदावर हिशेब मांडला. ९२ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९२ मात्रांच्या वेगाने, ४/४चे (चार-चार मात्रांचे) ३२ बार ८३.४८ सेकंदांत संपतात आणि ९६ला बरोबर ८० सेकंदांत. म्हणजे साडेतीन सेकंदांची तफावत. सॉफ्टवेअरचं काहीच चुकलं नव्हतं. ड्रम मात्रांना बांधलेले होते आणि आवाज घड्याळाला.

टेम्पोच्या बाबतीत आजवर माझे जेवढे घोळ झाले, ते सगळे याच एका गोष्टीमुळे. त्यामुळे खालच्या पायऱ्यांतली पहिली पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका.

सुरू करण्याआधी जवळ काय असावं

- प्रोजेक्टची वेगळ्या नावाने सेव्ह केलेली प्रत. अनडूवर विसंबू नका. टेम्पो बदलल्यावर काहीतरी सरकलंय हे कधीकधी दुसऱ्या दिवशी लक्षात येतं.
- मूळ रेकॉर्डिंगच्या न ताणलेल्या (वेग न बदललेल्या) फाइल.
- हेडफोन. ताणलेल्या आवाजातली खरखर लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू येत नाही.
- कागद-पेन. कुठल्या बारला किती टेम्पो हवा हे आधी लिहून काढा. माउस हातात आला की माणूस ऐकायचं सोडून रेघा ओढत बसतो.

१. कोण मात्रेला बांधलंय आणि कोण घड्याळाला, ते आधी ठरवा

प्रोजेक्टमधली प्रत्येक गोष्ट दोनपैकी एका खुंटीला बांधलेली असते. मिडी नोट "पाचव्या बारची तिसरी मात्रा" एवढंच लक्षात ठेवते. टेम्पो वाढला की ती मात्रा लवकर येते आणि नोटही तिच्यासोबत येते. साधी ऑडिओ फाइल मात्र सेकंदांत जगते. तिची सुरुवात नव्या ग्रिडसोबत (पडद्यावरच्या बार-मात्रांच्या रेघांसोबत) सरकली, तरी आतला आवाज होता त्याच वेगाने वाजत राहतो.

ही खुंटी बदलण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकगणिक असते. नावं तेवढी वेगळी. प्रो टूल्समध्ये ट्रॅकचा टाइमबेस टिक्स (मात्रा) किंवा सॅम्पल्स (घड्याळ) असा निवडता येतो. क्यूबेसमध्ये ट्रॅकवरच्या छोट्या बटणाने म्युझिकल किंवा लिनियर ठरतं. रीपरमध्ये तीन पर्याय आहेत: वेळेला बांधा, फक्त जागा मात्रेला बांधा, किंवा जागा, लांबी आणि वेग तिन्ही मात्रेला बांधा. एबलटन लाइव्हमध्ये क्लिपचं वॉर्प चालू असेल तर ती मात्रेमागे जाते. बंद असेल तर आतला ऑडिओ आपल्या मूळ वेगानेच चालतो.

ऑडिओ आणि मिडी आठवतं सगळ्यांना. फसवतात त्या बारीक गोष्टी:

- मार्कर, म्हणजे गाण्यातल्या जागेची खूण. प्रो टूल्सची मेमरी लोकेशन आणि क्यूबेसचे मार्कर ट्रॅक या दोन्हीला घड्याळ की मात्रा हा प्रश्न लागू आहे. "अंतरा" लिहिलेला मार्कर अंतऱ्याच्या चार बार मागे राहिलेला दिसला, तर कारण हेच.
- हाताने आकडा टाकलेला डिले, म्हणजे प्रतिध्वनीचा इफेक्ट. ९२ला एक मात्रा ६५२ मिलिसेकंदांची, ९६ला ६२५ची. डिले टेम्पोशी सिंक केलेला नसेल तर तो ६५२वरच अडून बसतो. वेगळं काही ऐकू येत नाही, पण सगळं मिक्स चिखलासारखं वाटायला लागतं. सूत्र सोपं आहे: ६०,००० भागिले बीपीएम म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद.
- व्हॉल्यूमचं ऑटोमेशन, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी रेघ. आवाज एका खुंटीला आणि त्याचा फेड (हळूहळू विरत जाणं) दुसऱ्या खुंटीला असला, की शब्दाचं शेपूट कापलं जातं.

ट्रॅकच्या यादीवरून एकदा नजर फिरवा आणि प्रत्येकासमोर "मात्रा" किंवा "घड्याळ" असं लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

२. टेम्पोचा ट्रॅक शोधा, आणि तो चालू आहे का ते बघा

वरच्या पट्टीतला आकडा अख्ख्या गाण्याचा. मध्येच बदल करायचा तर टेम्पोचा स्वतंत्र ट्रॅक उघडावा लागतो.

लॉजिक प्रोमध्ये जी दाबलं की ग्लोबल ट्रॅक दिसतात, त्यांत टेम्पो असतो. क्यूबेसमध्ये प्रोजेक्ट मेन्यूत टेम्पो ट्रॅक आहे. रीपरमध्ये कर्सर जागेवर नेऊन शिफ्ट आणि सी दाबा, टेम्पो मार्कर टाकायची खिडकी उघडते. एबलटन लाइव्हमध्ये अरेंजमेंट व्ह्यूत मुख्य ट्रॅकवर ऑटोमेशन उघडा, मिक्सर निवडा आणि त्याखाली साँग टेम्पो. एफएल स्टुडिओत टेम्पोच्या आकड्यावर राइट क्लिक करून ऑटोमेशन क्लिप बनवायची.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे ट्रॅक दिसतो, पण चालू नसतो. प्रो टूल्समध्ये कंडक्टरचं बटण बंद असेल तर टेम्पो रूलरवर कितीही बदल टाका, गाणं हाताने दिलेल्या एकाच टेम्पोवर चालतं. क्यूबेसमध्येही टेम्पो ट्रॅक चालू-बंद करायचं बटण आहे. बदल टाकूनही काही फरक पडत नाही असं वाटलं, की आधी हे बटण तपासा. मी एकदा यापायी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं होतं.

दुसरा खड्डा पट्ट्याचा. एफएल स्टुडिओच्या टेम्पो क्लिपमध्ये खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा पट्टा इतका मोठा असतो, की बिंदू केसभर हलवला तरी टेम्पो भलतीकडे जातो. बिंदूवर राइट क्लिक करून आकडा टाइप करा, ओढत बसू नका. एबलटनमध्ये याच कामासाठी किमान आणि कमाल टेम्पोचे दोन चौकोन दिलेत. गाणं ८० ते १०० मध्ये फिरणार असेल तर तेच आकडे तिथे टाका, म्हणजे रेघ नीट दिसेल.

३. एका जागी थेट बदल

हा सगळ्यात सोपा प्रकार. अंतरा संपला, नवा भाग १०४वर सुरू. स्नॅप (बिंदू आपोआप ग्रिडच्या रेघेवर बसवणारी सोय) चालू ठेवून बारच्या पहिल्या मात्रेवर बिंदू टाका आणि आकार "जंप" किंवा पायरीचा ठेवा.

स्नॅप बंद असेल तर बिंदू समेपासून तसूभर पुढेमागे पडतो आणि गाठ लंगडी ऐकू येते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. बिंदूची जागा आकड्यांत वाचा, तिथे बार, मात्रा आणि शेवटी शून्य असलं पाहिजे.

६/८ मध्ये काम करत असाल तर अजून एक. ८० असा ठेका तुम्ही डॉटेड क्वार्टरवर, म्हणजे दीड क्वार्टर नोटवर (४/४ची एक मात्रा म्हणजे एक क्वार्टर नोट), मोजत असाल, पण लॉजिकसारखी सॉफ्टवेअर आकडा साध्या क्वार्टर नोटचाच धरतात. म्हणजे तिथे १२० लिहायला हवं. नोटेशन वाचून टेम्पो भरणारे इथे हमखास फसतात.

४. हळूहळू बदल: मजा इथे आहे, आणि मारही

शेवटच्या दोन बारांत गाणं सावकाश होत थांबावं, ही सगळ्यांचीच हौस. दोन बिंदू टाकायचे, मध्ये रेघ ओढायची. मग ऐकलं तर पट्ट्यावरचं यंत्र बंद पडत असल्यासारखं का वाटतं?

कारण वाजवणारी माणसं सरळ रेषेत मंद होत नाहीत. आधी जेमतेम जाणवेल एवढी, आणि शेवटच्या तीन-चार मात्रांत एकदम जास्त. ९२वरून उतरताना माझा नेहमीचा नमुना असा: उपांत्य बारच्या शेवटापर्यंत ८८, शेवटच्या बारच्या तिसऱ्या मात्रेला ७६, आणि अंतिम स्वर पडतो तिथे ६०. तीन तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त उताराचा. वक्राकार रेघ देणारं सॉफ्टवेअर असेल तर ती वापरा. प्रो टूल्सच्या टेम्पो ऑपरेशन्समध्ये सरळ, पॅराबोलिक आणि एस आकाराचे पर्याय तयारच आहेत.

उतार कुठे संपवायचा याकडे लक्ष द्या. तो अंतिम स्वराच्या समेवरच संपला पाहिजे. त्याच्या पुढे लांबला तर स्वराची लांबी अवाजवी वाढते आणि शेवट ओशाळवाणा वाटतो. गाणं मंद होऊन पुन्हा मूळ लयीत यायचं असेल, तर परतीच्या समेवर ९२चा बिंदू पायरीच्या आकारात टाकायलाच हवा. तो विसरलात तर उरलेलं अख्खं गाणं ६०वर चालतं.

आता आकड्यांची एक गंमत. १२०वरून ६०वर चार मात्रांत उतरायला किती वेळ लागेल? सरासरी ९० धरून बहुतेक जण २.६७ सेकंद म्हणतील. टेम्पो वेळेच्या प्रमाणात घटत असेल तर ते बरोबरच आहे. पण तो मात्रांच्या प्रमाणात घटत असेल तर उत्तर २.७७ येतं, कारण मंद मात्रा जास्त वेळ खातात. सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक, पण ड्रमचा एक ठोका दोनदा ऐकू यायला तेवढा पुरतो. एकाच उताराचा अर्थ दोन सॉफ्टवेअर वेगवेगळा लावू शकतात हे मनात पक्कं ठेवा, आठव्या पायरीला लागणार आहे.

टेम्पोशी सिंक केलेला डिले उतारावर विचित्र वागतो हेही सांगून ठेवतो. डिलेची वेळ चालू असताना बदलली की काही प्लगइनमध्ये मागच्या आवाजाचा सूर टेपसारखा घसरतो. एबलटनच्या डिलेमध्ये रिपिच, फेड आणि जंप असे तीन पर्याय आहेत. घसरण नको असेल तर फेड. हवी असेल तर काय, रिपिच ठेवा आणि मुद्दाम केलंय असं सांगा.

५. ऑडिओ ताणायचा की पुन्हा रेकॉर्ड करायचा?

घड्याळाला बांधलेला आवाज मात्रेमागे न्यायचा म्हणजे तो ताणावा किंवा आवळावा लागतो. प्रो टूल्समध्ये याला इलॅस्टिक ऑडिओ म्हणतात, लॉजिकमध्ये फ्लेक्स, एबलटनमध्ये वॉर्प. तिन्हीकडे पद्धत निवडावी लागते आणि चुकीची निवड लगेच ऐकू येते. ठोक्यांच्या वाद्यांना तुकडे करणारी पद्धत द्या, म्हणजे ठोक्याची धार शाबूत राहते. एकट्या गळ्याला मोनोफोनिक (एका वेळी एकच स्वर). पियानो किंवा पूर्ण मिक्ससाठी पॉलिफोनिक किंवा कॉम्प्लेक्स.

किती ताणावं? माझ्या कानाला चार-पाच टक्क्यांपर्यंत गळा चालतो. ९२चं ९६ म्हणजे साडेचारच्या आत, त्यामुळे त्या पहिल्या गाण्यातला आवाज मी शेवटी फ्लेक्सनेच वाचवला. दहा टक्क्यांच्या पुढे श्वास आणि "स"चे उच्चार पाण्यातून आल्यासारखे होतात. तिथे गायकाला पुन्हा बोलावणं स्वस्त पडतं.

सूर बदलू देण्याची पद्धतही आहे, टेप जोरात फिरवल्यासारखी. त्यात खरखर नसते, पण वेगाबरोबर स्वर चढतो. १२०चं साधारण १२७.१ केलं की बरोबर एक सेमीटोन (अर्धा स्वर). एकट्या ड्रम लूपला हे मस्त लागतं, सुरेल वाद्यांना नाही.

६. क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या ठोक्यांशिवाय) वाजवलेल्या रेकॉर्डिंगवर ग्रिड बसवणं

इथे उलटं काम आहे. वाजवणाऱ्याने आपल्या लयीत वाजवलंय, आता सॉफ्टवेअरच्या रेघा त्याच्यामागे न्यायच्या. वाजवणं जसंच्या तसं राहतं, बार वाकतात. त्यामुळे पहिली अट अशी की तो ऑडिओ ट्रॅक घड्याळाला बांधा. मात्रेला बांधून हे काम सुरू केलंत तर प्रत्येक बिंदूबरोबर ऑडिओही पळतो, आणि कुत्रा स्वतःच्या शेपटामागे धावतो तसं होतं.

मग पहिली सम शोधा. तिच्या आधी पिकअपच्या नोटा (समेआधीचे सुरुवातीचे स्वर) असतील, म्हणून ती पहिल्या बारवर नाही, तिसऱ्या बारवर बसवा. वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) झूम करा आणि ठोक्याचा उभा कडा पकडा. कानाने ताल धरून टॅप करण्यात हात थोडा पुढेमागे होतोच. टॅपचा उपयोग अंदाज घ्यायला.

त्यानंतर पुढच्या बारची सम कुठे आहे ते दाखवा. प्रो टूल्समध्ये आयडेंटिफाय बीट, क्यूबेसमध्ये टाइम वॉर्प टूल, लॉजिकमध्ये बीट मॅपिंग ट्रॅक, रीपरमध्ये वेळेचा पट्टा निवडून त्याचा बार बनवायची आज्ञा. आत घडतं ते साधं आहे: चार मात्रांना २.६४ सेकंद लागले तर २४० भागिले २.६४, म्हणजे ९०.९ बीपीएम.

मी पहिल्यांदा एका गिटारच्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर हे केलं तेव्हा उत्साहात प्रत्येक मात्रेला बिंदू टाकला. टेम्पोची रेघ करवतीच्या दात्यांसारखी झाली: ८८, ९७, ८४, ९३. त्यावर लावलेले ड्रम दारू प्यायल्यासारखे चालायला लागले. वादक डगमगत नव्हता. त्याने दुसरी मात्रा जरा लवकर आणि तिसरी जरा उशिरा छेडली होती, तो त्याच्या वाजवण्याचा डौल. मी तो डौलच टेम्पो समजून बसलो. सगळे बिंदू पुसले, दर दोन बारला एकच ठेवला, आणि रेघ ८९ ते ९२ मध्ये शांत बसली. तेव्हापासून माझा नियम: सुरुवात दर दोन किंवा चार बारला एका बिंदूने. मेट्रोनोम लावून ऐका, जिथे तो खरंच खटकतो तिथेच आणखी एक टाका.

सॉफ्टवेअरला आपोआप टेम्पो ओळखायला सांगितलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा येण्याची शक्यता धरूनच चला. ७२च्या संथ गाण्याला १४४ सांगणं हे नेहमीचंच. दोनने भागा की झालं. लॉजिक वापरणाऱ्यांनी स्मार्ट टेम्पोकडे लक्ष ठेवा. २०१८ साली १०.४ आवृत्तीत आलेली ही सोय "अडॅप्ट"वर राहिली असेल, तर नवं रेकॉर्डिंग करताच प्रोजेक्टचा टेम्पो बदलतो. ठरलेल्या टेम्पोवर काम चालू असेल तर "कीप"वर ठेवा.

७. चित्राच्या नेमक्या क्षणी सम हवी असेल तर

व्हिडिओ कायम घड्याळाला बांधलेला असतो, वाकायचं ते संगीतानेच. दार २१व्या सेकंदाला आपटतंय आणि तिथे नवव्या बारची सम हवी, तर आधी ३२ मात्रा. ३२ गुणिले ६० भागिले २१, म्हणजे ९१.४३. दशांश टाकायला घाबरू नका, सॉफ्टवेअरला चालतो आणि कानाला कळत नाही.

८. दुसऱ्याच्या हाती देताना

मिक्स करणाऱ्याला नुसत्या ऑडिओ फाइल आणि "टेम्पो ९२" असा निरोप पाठवला, तर तुमचे बदल त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. सोबत टेम्पोचा नकाशा मिडी फाइलमध्ये द्या. रीपरमध्ये मिडी एक्सपोर्ट करताना टेम्पो मॅप जोडायचा पर्याय असतो. घेणाऱ्यानेही तो आत घेतला पाहिजे. प्रो टूल्स मिडी आयात करताना टेम्पो मॅप घ्यायचा का असं विचारतं, त्या चौकोनात खूण हवी.

पण मिडी फाइलला उतार कळत नाही. तिच्यात फक्त "इथून पुढे एका क्वार्टरला इतके मायक्रोसेकंद" अशा नोंदी असतात, १२०ला ५,००,०००. तुमची सुंदर वक्र रेघ जाते ती बारीक पायऱ्यांचा जिना होऊन. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरची उताराची गणितं वेगळी. म्हणून उतार असलेल्या गाण्याबरोबर मी मेट्रोनोमचा आवाजही वेगळी ऑडिओ फाइल म्हणून देतो. शंका आली तर तो ऐकून खात्री करता येते.

सगळ्या फाइल एकाच ठिकाणापासून, म्हणजे प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीपासून काढा, मध्ये शांतता असली तरी. आणि निरोपात एक ओळ लिहा: "८१व्या बारची पहिली मात्रा ३ मिनिटं ३१.२ सेकंदांवर आहे." समोरच्याने नकाशा आत घेतल्यावर ८१व्या बारवर जायचं आणि घड्याळ वाचायचं. आकडा जुळला नाही तर मिक्सला हात लावण्याआधी त्याने तुम्हाला फोन करायचा.